थंडीतलं पेटतं पेय: संत्रं, रम आणि गच्चीवरची आग

गोकुळपेठी

३१ तारखेला आमच्या गच्चीवर दहा-बारा जण जमणार आहेत. सावजी मटण बाहेरून, भाकरी घरची, इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मेव्हण्याने एक व्हिडिओ पाठवला: दोन मग, एकातून दुसऱ्यात ओतली जाणारी लांबलचक निळी ज्योत, आणि खाली 'भाऊजी, यंदा हे पायजे'. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलोय.

व्हिडिओतला प्रकार म्हणजे ब्लू ब्लेझर. जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरच्या १८६२ च्या पुस्तकात त्याची कृती आहे. स्कॉच आणि उकळतं पाणी समसमान घ्यायचं, पेटवायचं आणि धातूच्या दोन मगांतून चार-पाच वेळा इकडून तिकडे ओतायचं. शेवटी चमचाभर साखर आणि लिंबाच्या सालीचा तुकडा. नवख्या माणसाने आधी थंड पाण्यावर बरेच दिवस सराव करावा, असं त्यानेच लिहून ठेवलंय. व्हिडिओवाले नेमकं हेच गाळतात.

माझं मत सांगतो. हा प्रकार घरी करू नये. दिसायला झकास आहे, पण हातात येतं काय, तर साखर घातलेली गरम व्हिस्की. त्यासाठी मनगटावर आग घ्यायची?

त्याऐवजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये 'कॅफे ब्रुलो' करतात, ते आपल्याला जास्त जवळचं वाटलं. संत्र्याची साल एकसंध लांब सोलतात, तिच्यात लवंगा टोचतात, ती काट्याने भांड्यावर धरतात आणि पेटती ब्रँडी पळीने सालीवरून हळूहळू सोडतात. सालीतलं तेल तापतं, लवंगा भाजतात, सगळा वास खाली उतरतो. मग वरून काळी कॉफी ओतून आग विझवतात. आता संत्र्याच्या सालीचा खेळ नागपुरात नाही करायचा तर कुठे?

रात्री कॉफी नको म्हणून मी खाली संत्र्याचाच मसालेदार गरम रस घेतोय. सहा कपांचा अंदाज असा.

गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, ३०० मिली पाणी, ६० ग्रॅम गूळ, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार मिरे, आल्याच्या दोन चकत्या. दहा मिनिटं उकळून गाळायचं. त्यात दहा-बारा संत्र्यांचा मिळून ६०० मिली रस. रस गेल्यावर उकळी नाही, फक्त वाफ दिसेपर्यंत. रम १८० मिली, म्हणजे एक क्वार्टर. त्यातली ६० मिली पळीत पेटवून लवंगा टोचलेल्या सालीवरून सोडायची, उरलेली नुसतीच मिसळायची. वरून जायफळ.

घोडं अडलंय एका जागी. काल रात्री रम पळीत घेतली आणि गच्चीवर काडी लावली. काडी विझली. परत लावली, परत विझली. बाटली नेहमीचीच, ४२.८ टक्केवाली. कुणी सांगेल का?

---

महालचा_मुन्ना

भाऊ, रममध्ये दुकानदाराने पाणी टाकलं असन. सोप्पं आहे.

---

रसायनी

मुन्नाभाऊ, दुकानदार बिचारा निर्दोष आहे. गुन्हेगार थंडी आहे.

द्रव स्वतः जळत नाही, त्याच्यावरची वाफ जळते. पुरेशी वाफ जमून काडीने भडका घेण्याचं जे कमीत कमी तापमान, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. शुद्ध अल्कोहोलचा तो १७ अंशांच्या आसपास असतो. ४० टक्क्यांच्या दारूचा साधारण २६. पाणी वाढत जाईल तसा तो वर सरकतो: २० टक्क्यांना साधारण ३६, १० टक्क्यांना ४९ च्या पुढेमागे.

आता नागपूरची डिसेंबरातली गच्ची. रात्री दहा-बारा अंश. २०१८ च्या २९ डिसेंबरला तर पारा ३.५ वर गेला होता. अशा हवेत ४२.८ टक्क्यांची रम उघड्यावर ठेवली की तिच्यावर जळण्याइतकी वाफच नसते, तुम्ही काड्यांची अख्खी पेटी संपवा. हीच बाटली मे महिन्यात, घरात चाळीस अंश असताना, काडी जवळ नेताच पेटेल. म्हणून उन्हाळ्यात हा खेळ अधिक धोक्याचा, हे जाता जाता लक्षात ठेवा.

उकळत्या पाण्यात निम्मी व्हिस्की मिसळूनही ब्लू ब्लेझर का पेटतो, याचंही उत्तर यातच आहे. मिश्रण २० टक्क्यांवर येतं, पण तापमान ३६ च्या कितीतरी वर असतं.

उपाय: रम कोमट करा. पळीचं बूड गंजातल्या गरम रसावर मिनिटभर टेकवून धरा, तेवढं पुरतं. पळी गॅसच्या ज्योतीवर धरायची नाही. वाफ बाजूने खाली उतरते आणि तुम्ही तयार व्हायच्या आत पेटते.

---

गोकुळपेठी

हे पटलं! आज संध्याकाळी स्वयंपाकघरात खिडक्या उघड्या ठेवून करून पाहिलं, पळी रसावर टेकवली आणि पहिल्याच काडीला पेटली. धन्यवाद सर.

एक विचारू? सगळी रम आधीच गंजात टाकून वरूनच काडी लावली तर? साल धरत बसायची कटकट वाचेल.

---

रसायनी

नको. ९०० मिलीत १८० रम म्हणजे सात टक्के. थंड असताना ती कधीच पेटणार नाही, पण तुमचा रस सत्तर अंशांवर असेल तर अख्ख्या गंजाचं तोंड पेटू शकतं. पळीतली आग तुमच्या ताब्यात असते. गंजाची आग वेगळी. म्हणून क्रम पाळा: आधी पेटती पळी, ती ज्योत पूर्ण विझू द्या, झाकण ठेवून खात्री करा, मग उरलेली रम वाटीने मिसळा.

बाटली तर त्या टेबलावर असूच नये. पेटत्या किंवा नुकत्या विझलेल्या भांड्यात बाटलीने ओतताना ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि समोर बसलेल्याच्या अंगावर फेकली जाते. भाजण्याच्या बऱ्याच घटना अशाच होतात.

---

पुणेकर_सध्या_बेसा

दहा अंशाला थंडी म्हणतात हे इथे आल्यावर कळलं. आमच्याकडे त्याला सुखद हवामान म्हणतात.

असो. दारू पेटवली की अल्कोहोल उडून जातं ना? मग हे 'कॉकटेल' कसलं, सरबतच की.

---

महालचा_मुन्ना

काय बे, मे मध्ये ये, मग सांगतो सुखद हवामान.

---

डॉ_शेकोटी

पुणेकर, तुमचा हा गैरसमज फार लोकांचा आहे आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी वाईट आहे. अमेरिकेत स्वयंपाकात किती अल्कोहोल उरतं हे मोजलं गेलंय. पदार्थावर दारू ओतून पेटवली तर सुमारे ७५ टक्के अल्कोहोल तसंच राहतं. अल्कोहोल एका पातळीच्या खाली आलं की ज्योत आपोआप विझते, बाकीचं खालीच असतं. तासभर मंद शिजवूनही चौथा हिस्सा उरतो.

धागाकर्त्याच्या कृतीत तर १८० पैकी फक्त ६० मिली पेटतेय. म्हणजे प्रत्येक कपात जवळपास एक स्मॉल पेग आहेच. दोन कप पिऊन वर्धा रोडने 'मी तर सरबत प्यालो' म्हणत निघू नका.

दुसरं, याने अंगात ऊब येते हेही अर्धसत्य आहे. अल्कोहोलने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, गाल लाल होतात, छान वाटतं. पण तीच उष्णता कातडीवाटे बाहेर जाते आणि आतलं तापमान उतरतं. कपातला गरम रस ऊब देतो, रम फक्त तसा भास करून देते. पिऊन झालं की गच्चीवर स्वेटर काढून मिरवू नये, एवढंच.

---

कल्हईवाली

सगळे आगीच्या मागे लागलेत, रसाकडे कुणाचंच लक्ष नाही. गोकुळपेठी भाऊ, तुमचा रस कडू झाला नाही का? खरं सांगा.

---

गोकुळपेठी

ताई, झाला. थोडा. मला वाटलं लवंग जास्त झाली.

---

कल्हईवाली

लवंग नाही, संत्रं. आपल्या नागपुरी संत्र्याच्या रसाची ही खोडच आहे. काढल्या काढल्या गोड, ठेवला की कडू. बिया आणि पांढऱ्या पापुद्र्यातून लिमोनिन तयार होतं आणि हळूहळू कडवटपणा वर येतो. तापवला की लवकर येतो. डबाबंद रसवाल्यांची पूर्वापार डोकेदुखी आहे ही. अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनाही हा विषय चांगला ठाऊक आहे.

म्हणून मिक्सर बंद. मिक्सरमध्ये बी फुटली की संपलं. फोडी सोला, जमेल तेवढा पांढरा भाग काढा, बिया काढा, हाताने किंवा पिळणीवर हलक्या हाताने पिळा. शेवटचा थेंब काढायचा हट्ट नको. रस पाहुणे आल्यावरच काढायचा, सकाळी काढून फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. गंज खाली उतरवायच्या आधी दोन मिनिटं रस घालायचा, बस्स.

आणि हो, पितळेचा जुना गंज काढाल हौसेने, फोटोत छान दिसतो म्हणून. आत कल्हई नसेल तर त्यात संत्र्याचा आंबट रस तापवू नका, धातू उतरतो. कल्हईवाले आता शोधावे लागतात, सक्करदऱ्याकडे कधीतरी हाक ऐकू येते. नाही मिळाला तर सरळ स्टील घ्या. ॲल्युमिनिअम नको.

---

इतवारीकाका

कल्हईवालीताईंना अनुमोदन. अंबिया बहाराचं फळ सध्या बाजारात आहेच. पण सालीसाठी वेगळं संत्रं निवडायचं, हे कोणी सांगितलं नाही. नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, पूर्ण पिकलेल्या फळाची तर हात लावला की सुटते आणि लांब पट्टी काढताना फाटते. म्हणून रसाला पिकलेलं घ्या आणि सालीला थोडं कडक, हिरवट झाक असलेलं. धारदार सुरीने देठापासून गोल गोल फिरवत यायचं. नाहीच जमलं तर मोसंबीची साल घ्या, ती घट्ट असते, लवंगा पण नीट बसतात.

पोरांना गंमत दाखवायची तर रुपयाएवढी सालीची चकती घ्या, रंगीत बाजू ज्योतीकडे करून चिमटा. तेलाचा फवारा उडतो आणि चरचर ठिणग्या पडतात. दालचिनीची पूड ज्योतीवर भुरभुरली तरी तसंच होतं. चिमूटभर घ्यायची. मूठभर टाकली तर भडका होतो.

---

महालचा_मुन्ना

काका, एवढा कुटाणा काहून? गडचिरोलीकडून मोहाची पहिल्या धारेची आणतो ना. काडी दाखवली की भपकन् पेटते. निळी ज्योत आली म्हणजे माल शुद्ध.

---

रसायनी

मुन्नाभाऊ, पेटते हे खरं, कारण पहिल्या धारेत अल्कोहोल जास्त असतं. पण निळी ज्योत म्हणजे शुद्ध, हे साफ चूक. मिथेनॉलही निळंच जळतं, जवळपास दिसतही नाही. ज्योत पाहून विषारी दारू ओळखता येत नाही. त्याच समजुतीवर लोकांनी डोळे गमावलेत, जीवही.

शिवाय ती विनापरवाना दारू आहे आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. इथे पुढे लिहू नका, ॲडमिन धागा उडवतील.

---

महालचा_मुन्ना

बरं बावा, राहू द्या. तिचा वास लय भारी असते एवढंच म्हणायचं होतं.

---

वर्धेची_लेक

आमचं गेट-टुगेदर सेलूजवळ शेतावर आहे, १ जानेवारीला. हुरडा आहे, शेकोटी आहे. तिथे हे करता येईल का? शेकोटीवरच पळी गरम करू.

---

गोकुळपेठी

ताई, सेलू म्हणजे वर्धा जिल्हा आणि तिथे दारूबंदी आहे. बाटली नेणंच बेकायदेशीर आहे. बुटीबोरीच्या अलीकडे असतं तर वेगळी गोष्ट.

निघालंच आहे तर सांगतो: नागपुरातही पिण्याचा परवाना लागतो, लोक विसरतात. एका दिवसाचा, वर्षाचा, आजन्म, तिन्ही मिळतात. आणि रमसाठी वय २५ पूर्ण हवं. पाहुण्यांत कॉलेजची पोरं असतील तर त्यांचा गंज वेगळा.

---

कल्हईवाली

वर्धेच्या ताई, रमशिवाय करा, काही बिघडत नाही. मी तर म्हणते चव जास्त स्वच्छ लागते. सालीला लवंगा टोचा, चिमट्यात धरून निखाऱ्यावर फिरवा. साल कडेने काळपट व्हायला लागली, तेल चरचरलं की तशीच गरम गरम गंजात सोडा आणि लगेच झाकण. पाच मिनिटांनी उघडा. वास सगळ्या शेतात जाईल. गुळाचा एक खडा पळीत निखाऱ्यावर विरघळवून, तांबूस झाला की तोही ओता. जपून, शिंतोडे उडतात. आगीने चवीत जे काही येतं ते साल, लवंग आणि गुळातून येतं. ते तुम्हाला पूर्ण मिळालं.

---

वर्धेची_लेक

वा! हेच करणार. सासूबाईंनाही देता येईल.

---

पुणेकर_सध्या_बेसा

खोचकपणा बाजूला ठेवून एक गंभीर प्रश्न. ७५ टक्क्यांची जळजळीत रम आणली तर कोमट करायची भानगडच नको ना? बकार्डी १५१ असायची पूर्वी.

---

रसायनी

ती २०१६ मध्येच बंद झाली. दुसऱ्या कंपन्यांच्या मिळतात, पण घरच्या गच्चीवर नकोत. ४२.८ चा मोठा गुण हाच की ती सहज पेटत नाही. थंड टेबलावर सांडली तर बहुधा विझते. ७५ वाली सांडली की टेबल, टेबलावरचा कागद, शालीचं टोक, सगळीकडे पळते. जर्मन लोक मसालेदार गरम वाइनवर साखरेचा सुळका ठेवून रमने पेटवतात, त्याला ५४ टक्क्यांच्या आसपासची रम वापरतात. पण तिथे साखर वात बनून आग एका जागी धरून ठेवते.

---

डॉ_शेकोटी

शाल आली म्हणून लिहितो. थंडीमुळे त्या दिवशी सगळे ॲक्रिलिकच्या शाली, फ्लीसची जॅकेटं घालून येणार. हे कापड जळताना वितळून कातडीला चिकटतं. पळी धरणाऱ्याने सुती शर्ट, बाह्या वर, ओढणी-मफलर काढून. केस लांब असतील तर बांधून. ज्याने आधीच दोन घेतलेत त्याच्या हातात पळी द्यायची नाही, मग तो मेव्हणा का असेना.

गच्चीवर मोठे दिवे लावू नका. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, हॅलोजनच्या उजेडात दिसतच नाही आणि माणसाला वाटतं विझली.

---

इतवारीकाका

वाऱ्याचं काय? आमच्याकडे रात्री वारा सुटतो. पळीतली ज्योत आडवी होऊन हातावर येते.

---

गोकुळपेठी

काका, म्हणूनच गच्चीचा बेत बदलला. पेटवायचं काम खाली पोर्चमध्ये, तीन बाजूंनी भिंत आहे. मोठी परात, तिच्यात बोटभर पाणी, मधोमध गंज. सांडलं तर परातीतल्या पाण्यात पडून पातळ होतं आणि विझतं. घट्ट बसणारं झाकण डाव्या हाताशी, ओला सुती टॉवेल खुर्चीवर. लांब दांड्याची पळी, तिला मूठभर कापड गुंडाळलंय. काचेचे कप नाहीत, तडकतात. स्टीलचे ग्लास हाताला चटका देतात म्हणून चिनी मातीचे मग काढलेत. मगात कुठलीही ज्योत जाणार नाही. एका बारमध्ये पेटत्या ग्लासात प्लॅस्टिकची नळी घालून दिलेली पाहिली होती, ती वितळून पेल्यात गेली. तसलं काही नाही.

---

महालचा_मुन्ना

गोकुळपेठी भाऊ, सगळं ठीक. पण मटण सावजी, आणि त्याच्यासोबत गूळ-संत्रं? तोंडात भांडण होईन ना.

---

कल्हईवाली

मुन्ना बरोबर बोलतोय पहिल्यांदा. सावजीच्या तिखटावर गरम गोड पेय नको, तिखट आणखी झोंबतं. जेवणाआधी तासभर द्या, सोबत भाजलेले शेंगदाणे, शेव-चिवडा. जेवताना साधं पाणी किंवा ताक. आणि मिरे काढून टाका हो त्या कृतीतून, रात्रीभर तिखटच खायचंय.

---

गोकुळपेठी

मिरे काढले. गूळही ६० चा ५० केला, कारण सध्याची संत्री गोड आहेत.

शेवटचा प्रश्न, मग मी बाजारात निघतो, अधिवेशनाच्या बंदोबस्तात सीताबर्डीला अडकायच्या आत. सगळे एकदम येत नाहीत. साडेआठला पेटवलं आणि कुणी साडेनऊला आला तर त्याच्यासाठी गरम कसं ठेवायचं? परत गॅसवर?

---

कल्हईवाली

अजिबात नाही, कडू होईल आणि रम वाफेवाटे जाईल. चहाच्या मोठ्या थर्मासात भरा, साल काढून. आधी थर्मास उकळत्या पाण्याने खंगाळून घ्या. तासभर मजेत गरम राहतं. उशिरा येणाऱ्याला आग बघायची असेल तर वेळेवर यायला सांगा.

---

महालचा_मुन्ना

भाऊ, पत्ता पाठवा, आठला पोचतो.